लाल वायर कोणती, हिरवी कोणती?

पत्राचा सारांश: परभणी जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आहे. पती रेल्वेतून ट्रॅकमन म्हणून निवृत्त झालेले. मुलगा १९ वर्षांचा, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला. सहायक लोको पायलट व्हायचं हे त्याचं लहानपणापासूनचं ठरलेलं. गेल्या महिन्यात एका नेत्रतपासणी शिबिरात ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, त्यातला पहिल्या पानावरचा आकडा सोडला तर त्याला जवळपास काहीच वाचता आलं नाही. कागदावर ‘रंगांधळेपणा’ असा शेरा मिळाला. तेव्हापासून तो घरात बोलत नाही. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना पालेभाजी खाल्ली नाही, ग्रहण पाळलं नाही. एक चष्मेवाला १८ हजारांत ‘रंग परत आणणारा’ चष्मा देतो म्हणतो. ओळखीतला एकजण म्हणतो, ते पुस्तक पाठ करून घेता येतं. आयटीआयचे निदेशक म्हणतात, ट्रेड सोड. या बाईंच्या भावालाही लाल-हिरवं कळत नाही. मिरची तोडायला गेला की हिरव्यात लाल मिसळून आणायचा. थोरल्या मुलीचं लग्न ठरतंय, तिकडं सांगावं का? आणि मुलासाठी त्याच मामाच्या मुलीचा विषय निघालाय, तो पुढं न्यावा का? ‘माझ्यामुळंच झालं का?’ असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण ‘माझ्यामुळंच झालं का’ हे वाक्य दोनदा आलंय. म्हणून तेच आधी घेऊ.

ग्रहण, पालेभाजी, पोटुशी असतानाचं जागरण, यातल्या कशाचाही तुमच्या लेकराच्या रंग ओळखण्याशी संबंध नाही. सासूबाईंच्या बोलण्यातला एक धागा खरा आहे, पण तो वेगळ्याच दुखण्याचा. पालेभाज्या, शेवग्याचा पाला, गाजर, पपई यांतून मिळणारं अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो. दिवेलागणीनंतर मूल अडखळतं, ताटातलं चाचपडून खातं. म्हणूनच लेकरांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस पाजतात, पहिला १ लाख युनिटचा आणि पुढचे २ लाखांचे. रातांधळेपणा आणि रंगांधळेपणा ही नावं बहिणी-बहिणींसारखी वाटतात, पण दोन्हीत डोळ्यातल्या बिघडणाऱ्या पेशी वेगळ्या आणि कारणंही वेगळी.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्यात उजेड टिपणाऱ्या दोन जातीच्या पेशी असतात. काडीसारख्या लांबट त्या दंडपेशी, एका डोळ्यात सुमारे ९ ते १२ कोटी. निमुळत्या त्या शंकूपेशी, त्या मात्र ४५ ते ६० लाखच. दंडपेशी अगदी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग सांगता येत नाही. रंगाचं सगळं काम शंकूपेशींचं, आणि त्यांना भरपूर उजेड लागतो.

हे अंगणात बसून बघता येतं. जास्वंदीला लाल फूल असेल तर सूर्य मावळायच्या आधी त्याच्यासमोर बसा आणि अर्धा-पाऊण तास दिवा लावू नका. आधी फूल पानांपेक्षा उठून दिसेल. अंधारत जाईल तसं फूल काळं पडत जाईल आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ वाटायला लागतील. शेवटी पानंही राखाडी होतील. फूल होतं तसंच आहे. शंकूपेशींनी काम थांबवलं आणि दंडपेशींनी हातात घेतलं, आणि दंडपेशींना लाल उजेड जवळपास दिसतच नाही. त्या घटकेला तुम्ही, तुमच्या सासूबाई आणि तुमचा मुलगा, तिघांचेही डोळे रंगाच्या बाबतीत सारखेच असतात. सासूबाईंना शेजारी बसवून हे दाखवा. माझ्या समजुतीनं हजार शब्दांच्या वादापेक्षा ते कामाला येईल.

आता पेशीच्या आत काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण त्याच्याशिवाय चष्म्याचं उत्तर कळणार नाही. प्रत्येक पेशीत ऑप्सिन नावाची प्रथिनं असतात आणि प्रत्येकाच्या कुशीत अ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल नावाचा एक वाकडा रेणू बसलेला असतो. प्रकाशाचा एक कण त्याच्यावर आदळला की तो सरळ होतो. त्याच्या धक्क्यानं प्रथिनाचा आकार बदलतो, पुढं रसायनांची साखळी सुरू होते आणि पेशीची विद्युत अवस्था पालटते. नवल असं की ही पेशी अंधारात सतत संदेश सोडत असते आणि उजेड पडला की तिचं सोडणं कमी होतं. सरळ झालेला रेणू पुन्हा वाकवून जागेवर बसवावा लागतो. भर उन्हातून माजघरात आल्यावर काही दिसत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. शंकूपेशींना सावरायला दहाएक मिनिटं लागतात, दंडपेशींना अर्धा तास आणि वर.

शंकूपेशी तीन प्रकारच्या. ऑप्सिन जरा जरा वेगळं असल्यानं एक प्रकार ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या निळ्या-जांभळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो, दुसरा ५३० च्या हिरव्याला आणि तिसरा ५६० ला. तिसऱ्याला सगळे ‘लाल’ म्हणतात, पण त्याची खरी पसंती पिवळसर हिरव्यालाच आहे.

मोंढ्यावर तीन मापाडी बसलेत असं समजा. प्रत्येकाला एवढंच मोजता येतं की आपल्या मापात किती पडलं. काय पडलं ते त्याला सांगता येत नाही. दुसऱ्याच्या मापात थोडासा हिरवा उजेड पडला काय किंवा पुष्कळसा लाल पडला काय, आकडा तोच येऊ शकतो. म्हणून कोणत्याही एका शंकूपेशीला रंग माहीतच नसतो. तिघांचे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी केली की रंग तयार होतो. ‘लाल’ मापाडी आणि ‘हिरवा’ मापाडी यांच्यातला फरक म्हणजे लाल-हिरवं. या दोघांची बेरीज आणि निळ्याचा आकडा यांच्यातला फरक म्हणजे पिवळं-निळं. ही वजाबाकी पडद्यातल्याच पुढच्या पेशी करायला लागतात.

याचा पुरावा हातातल्या फोनवर मिळतो. स्क्रीनवर पूर्ण पिवळं चित्र उघडा आणि बोटाच्या टोकानं पाण्याचा अगदी बारीक थेंब काचेवर ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो. आत लाल आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा एकही नाही. स्क्रीनमधून पिवळा उजेड निघतच नाही. लाल आणि हिरवा मिळून दोन मापाड्यांचे आकडे असे भरतात की मेंदू त्याला पिवळं म्हणतो. हा थेंब मुलाच्या हातून ठेवून घ्या. त्याला आत दोन रंग वेगळे कळले नाहीत तरी चालेल. रंग वस्तूत भरलेला नसतो, तो मोजणीतून उभा राहतो, हे त्याला स्वतःच्या हातानं कळायला हवं.

तुमच्या मुलाच्या डोळ्यात दोन मापाड्यांची मापं जवळजवळ एकसारखी आहेत, किंवा त्यांतला एक नाहीच. त्यामुळं त्या दोघांमधली वजाबाकी शून्याच्या जवळ येते आणि लाल-हिरव्याचा फरक मिटतो. बाकी सगळं शाबूत आहे. बारीक अक्षर, लांबचं, निळं-पिवळं, फिकट-गडद हे त्याला व्यवस्थित दिसतं. त्याचं जग काळं-पांढरं नाही. पिकलेला टोमॅटो आणि त्याचं पान त्याला खाकी-तपकिरीच्या दोन छटांसारखे दिसत असतील, जांभळा कपडा निळा वाटत असेल, फिक्कट गुलाबी राखाडीकडं जात असेल. ‘आंधळेपणा’ हा शब्दच या दुखण्याला जुलमानं चिकटलाय. तुम्ही घरात ‘लाल-हिरव्यात गल्लत’ म्हणा. नेमकंही आहे आणि जिव्हारी लागत नाही.

या गल्लतीवर पहिला नावाजलेला निबंध जॉन डाल्टन यांचा, तेच अणुसिद्धांतवाले डाल्टन. मुलानं नववीच्या विज्ञानात त्यांचं नाव वाचलं असेल. १७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेत त्यांनी स्वतःच्या दृष्टीविषयी लेख वाचला. त्यांचा तर्क असा की आपल्या डोळ्यातलं पाणी निळसर असावं आणि ते लाल उजेड गिळत असावं. आपण गेल्यावर डोळा उघडून बघा असं त्यांनी सांगून ठेवलं. १८४४ मध्ये बघितलं, तर पाणी स्वच्छ निघालं. जपून ठेवलेल्या त्याच डोळ्याच्या तुकड्यातून १९९५ मध्ये डीएनए काढला, तेव्हा कळलं की त्यांच्यात हिरव्या शंकूपेशींचं ऑप्सिनच नव्हतं. शास्त्रातला एवढा मोठा माणूस, पण त्यालाही दोष डोळ्याच्या पाण्यात वाटला. सासूबाईंचा राग धरू नका.

आता वारशाचं. लाल आणि हिरव्या ऑप्सिनची जनुकं एक्स गुणसूत्रावर (बाईकडं असे दोन एक्स, पुरुषाकडं एकच) एकमेकांना खेटून बसलेली असतात आणि जवळपास सारखीच असतात. आईच्या शरीरात बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. एवढी सारखी जनुकं शेजारी असल्यानं कधीकधी जोडणी एक घर सरकून होते आणि एखादं जनुक गळतं किंवा दोघांचं मिळून एक तयार होतं. तुमच्या घराण्यात हे कधीतरी मागच्या पिढ्यांत घडलंय. तुमच्या भावाला गल्लत आहे आणि मुलालाही आहे, म्हणजे तुमच्या दोन एक्सपैकी एक तसा आहे आणि तो तुम्हाला तुमच्या आईकडून आलाय. दुसरा चांगला आहे, म्हणून तुम्हाला स्वतःला सगळं नीट दिसतं. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, दोनपैकी कोणता जाईल हे नाणेफेकीसारखं. त्यात तुमच्या खाण्यापिण्याला, पाळण्या-न पाळण्याला कुठंच जागा नाही.

थोरल्या लेकीचं: तिला वडिलांकडून चांगला एक्स मिळालाच आहे, तेव्हा तिची दृष्टी ठीक आहे. तुमच्याकडून तसा एक्स तिच्याकडं आला असण्याची शक्यता निम्मी. आला असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला गल्लत असण्याची शक्यता पुन्हा निम्मी, म्हणजे आज हिशेब केला तर चारात एक. लग्न ठरवताना हे ‘दोष’ म्हणून जाहीर करावं असं मला वाटत नाही. हा आजार नाही, वाढत नाही, आयुष्य कमी करत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात आठ जणांना असतो. आपल्याकडं त्याहून कमी पण दुर्मीळ नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगा, लपवू नका. लेकीला मात्र सगळं नीट समजावून सांगा, म्हणजे पुढं तिला मुलगा झाला तर ती त्याची चाचणी पाचव्या-सहाव्या वर्षीच करून घेईल आणि हा आत्ताचा धक्का त्याला बसणार नाही.

मामाच्या मुलीचा विषय वेगळा आहे. मामाकडं एकच एक्स आणि तो तसा, म्हणजे त्यांच्या प्रत्येक मुलीकडं तो नक्की गेलाय. तुमच्या मुलाशी तिचं लग्न झालं तर होणाऱ्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना गल्लत असेल आणि मुलींपैकीही निम्म्यांना. बायकांमध्ये हा प्रकार एरवी फार क्वचित, दोनशेत एक वगैरे, तो इथं दोनात एक होतो. बाहेर लग्न केलं तर, समोरच्या घरात हा वारसा नसेल तर, तुमच्या मुलाच्या एकाही मुलाला त्याच्याकडून गल्लत जाणार नाही. मुली वाहक होतील, पण त्यांना नीट दिसेल. लाल-हिरव्याची गल्लत एवढ्यासाठीच मी सोयरीक मोडायला सांगणार नाही. पण इतक्या जवळच्या नात्यात हा एकच दडलेला गुण एकत्र येत नाही. जे माहीत नाहीत असे, याहून जड आजारांचे गुणही येतात. त्या कारणानं मी थांबा म्हणेन, आणि १९ व्या वर्षी तर घाईही नाही.

आता चाचणी. शिबिरातलं ठिपक्यांचं पुस्तक म्हणजे जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांचे तक्ते, १९१७ सालचे. ते गल्लत आहे की नाही हे चांगलं सांगतात. किती आहे ते मात्र नीट सांगत नाहीत. शिवाय ते दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, ७५ सेंटिमीटरवर, नजरेला काटकोनात धरून, एका पानाला तीन सेकंद देऊन दाखवायचे असतात. मंडपातल्या पिवळ्या बल्बखाली, बोटांच्या डागांनी मळलेल्या पुस्तकावर घेतलेली चाचणी शेवटची मानू नका. मोबाइलवरची तर मुळीच नको, कारण फोनचा स्क्रीन रंग आपल्या पद्धतीनं बनवतो. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा तुम्हाला सोयीच्या दुसऱ्या मोठ्या रुग्णालयाच्या नेत्ररोग विभागात जा. जाण्याआधी फोन करून विचारा की तिथं फार्न्सवर्थ डी-१५ चाचणी होते का. त्यात १५ रंगीत टिकल्या पहिल्या ठरलेल्या टिकलीपासून क्रमानं लावायच्या असतात. सौम्य गल्लत असलेला माणूस त्या बऱ्याचदा बरोबर लावतो, तीव्र असलेला या टोकाची टिकली त्या टोकाला नेऊन ठेवतो, आणि चुकीच्या दिशेवरून प्रकारही कळतो. डॉक्टरांकडून दोन गोष्टी लिहून घ्या: सौम्य, मध्यम की तीव्र, आणि लाल ऑप्सिनचा प्रकार की हिरव्याचा. दुसरं कशासाठी, ते पुढं येईलच.

चष्म्याचे १८ हजार देऊ नका. हे चष्मे म्हणजे रंगीत गाळणी. लाल आणि हिरवा मापाडी दोघंही ज्या उजेडावर सारखे आकडे देतात, तो मधला पट्टा ती कापते, म्हणून उरलेल्यात फरक थोडा उठून दिसतो. सौम्य गल्लतीत काहींना फुलं, कपडे अधिक ठसठशीत वाटतात. पण जो मापाडी नाही, तो काच कुठून आणणार? काही रंग वेगळे होतात तर आधी वेगळे दिसणारे काही एक होतात. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत तो घालून बसता येत नाही, आणि रात्री गाडी चालवताना घातला तर आधीच कमी असलेला उजेड आणखी कापतो. हौस म्हणून घ्यायचाच असेल तर आठ दिवस वापरून परत देता येईल, असं लेखी मिळालं तरच. जनुकोपचाराचं म्हणाल तर २००९ मध्ये जन्मतः अशी गल्लत असलेल्या दोन पूर्ण वाढ झालेल्या माकडांना विषाणूच्या पाठीवरून हरवलेलं जनुक पोचवलं आणि त्यांना नवे रंग ओळखता यायला लागले. माणसातल्या लाल-हिरव्या गल्लतीवर मात्र अजून मान्यता मिळालेला कोणताही उपचार नाही. थेंब, गोळ्या, डोळ्यांचे व्यायाम विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पुस्तक पाठ करण्याचं. लोको पायलटच्या पदाला रेल्वेची ए-१ ही सगळ्यात कडक वैद्यकीय श्रेणी लागते. तिथं तक्ते कोणत्याही क्रमानं दाखवतात, शिवाय अंधाऱ्या खोलीत एड्रिज-ग्रीन कंदिलाचे बारीक रंगीत दिवे ओळखायला लावतात. तो पाठ करता येत नाही. नोकरी लागल्यावरही ठरावीक वर्षांनी तपासणी होतच राहते. पण पकडलं जाईल म्हणून मी नको म्हणत नाही. मुलाच्या वडिलांना विचारा, त्यांनी उभा जन्म रुळावर काढलाय. चार दिव्यांच्या सिग्नलात लाल सगळ्यात खाली असतो हे दिवसा लक्षात ठेवता येईल. रात्री लांबून एकच ठिपका दिसतो, वर आहे की खाली ते कळत नाही. फाटकवाल्याच्या हातातल्या दिव्याला तर वर-खाली नसतंच. स्वीडनमध्ये १८७५ साली लागरलुंडा इथं मोठा रेल्वे अपघात झाला, त्यानंतर होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञानं रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून रेल्वे कामगारांची तपासणी सुरू केली. आजचा नियम त्या वाटेनं आलाय. नांदेडच्या तपासणीतही गल्लत पक्की ठरली तर इंजिनचं ते दार बंद आहे, आणि हे त्याला आशा लावत न ठेवता एकदाच, वडिलांनी समोर बसून सांगावं. रेल्वेचीच नोकरी हवी असेल तर सी-१ आणि सी-२ श्रेणीच्या पदांना रंगदृष्टीची अट नसते. जाहिरातीत पदासमोर वैद्यकीय श्रेणी छापलेली असते, अर्ज भरण्याआधी ती बघायची सवय लावा. पोलिस, सैन्य, व्यापारी जहाजं यांच्या जाहिरातींतही ही अट परीक्षेच्या तयारीआधी वाचा. क्लासची फी भरल्यावर वाचण्यात अर्थ नाही.

पण ट्रेड सोडण्याचा सल्ला मला पटत नाही. निदेशकांची काळजी खरी आहे: जुन्या पद्धतीच्या घरगुती वायरिंगमध्ये फेज (वीज आणणारी) लाल, न्यूट्रल (परतीची) काळी, अर्थ (जमिनीला जोडलेली) हिरवी. हिरव्या ऑप्सिनचा प्रकार असेल तर लाल आणि हिरवी, म्हणजे फेज आणि अर्थ यांत घोटाळा. लाल ऑप्सिनचा असेल तर लाल रंगच अंधुक, काळपट दिसतो, म्हणजे फेज आणि न्यूट्रल यांत घोटाळा. दोन्ही जिवावरचे. प्रकार लिहून घ्या म्हटलं ते यासाठी. पण वायरचा रंग हा कधीच पुरावा नसतो, चांगल्या डोळ्याच्या वायरमनसाठीही नाही. जुन्या वाड्यांत, शेतातल्या खोल्यांत हाताला लागेल त्या रंगाची वायर ओढलेली असते. तुमच्या मुलाला जी शिस्त सक्तीनं पाळावी लागेल, ती सगळ्यांनीच पाळायला हवी.

ती अशी. मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर लावून आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर तपासायचा, कारण मेलेल्या मीटरचा शून्य हा सगळ्यात मोठा धोका. मग तीन वायरी दोन-दोन करून मोजायच्या. ज्या दोन जोड्यांत २३० च्या आसपास आकडा येतो, त्या दोन्हींत असलेली वायर फेज. उरलेल्या दोघींत शून्य ते दोन-चार व्होल्ट येतात, त्यावरून न्यूट्रल कोणती आणि अर्थ कोणती हे ठरवायचं नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन बंद करायचा, वीज नाही हे मोजून बघायचं, आणि अर्थच्या पट्टीपासून कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग जोडलेली आहे का, ते तपासायचं. जी बीप देते ती अर्थ. लगेच तिन्हींवर एल (फेज), एन (न्यूट्रल), ई (अर्थ) अशी अक्षरं असलेले फेरूल, म्हणजे खुणेच्या छोट्या नळ्या, चढवायचे, जागेवरच, ‘नंतर लावू’ नाही. शेवटी मीटर पुन्हा चालू सॉकेटवर तपासायचा. नव्या केबलमध्ये अर्थ हिरवी-पिवळी पट्टेरी असते. पट्टे त्याला दिसतात, शक्य तिथं तीच मागावी. थ्री-फेजला लाल-पिवळी-निळी यांचा क्रम चुकला की पाण्याची मोटर उलटी फिरते, तिथं फेज सीक्वेन्स मीटर वापरायचा. सौरपंपाच्या डीसी केबल लाल-काळ्या असतात, तिथं मीटरवर उणे चिन्ह आलं की टोकं उलटी आहेत. रेझिस्टरच्या रंगपट्ट्या वाचतच बसायचं नाही, ओहममध्ये मोजायचा. मोटर रिवाइंडिंगमध्ये तर सगळं तांबंच, तिथं रंगाचा प्रश्न फारसा येत नाही.

खिशात एक साधी वस्तू ठेवायला सांगा: लाल पारदर्शक जिलेटिन कागद, गणपतीच्या सजावटीला आणतो तो. वायर आधी उघड्या डोळ्यानं बघायची, मग त्यातून. हिरवी असेल तर एकदम काळवंडते, लाल असेल तर आसपासच्या पांढऱ्याइतकी उजळ राहते. मिरचीच्या झाडावर, टोमॅटोच्या क्रेटमध्येही हे चालतं. मामांनी तोडणीला एवढा तुकडा जवळ ठेवला असता तर बोलणी वाचली असती. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली कलर करेक्शन असतं, त्यातले पर्याय एकेक लावून नकाशे आणि आलेख कशात नीट उलगडतात ते त्यालाच ठरवू द्या.

वाहन परवान्याची भीती असेल तर: जून २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले, सौम्य आणि मध्यम गल्लत असलेल्यांना परवाना मिळतो, तीव्र असेल तर नाही. डी-१५ चा कागद इथंही लागेल. आणि हीच गल्लत असलेल्या इतर वाचकांसाठी: एमबीबीएसच्या प्रवेशाचा प्रश्न २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अशा विद्यार्थ्यांच्या बाजूनं सुटला, आणि २०२२ मध्ये न्यायालयानं पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेलाही सगळे अभ्यासक्रम त्यांना खुले करायला सांगितले. शिक्षकांनी हिरव्या फळ्यावर लाल खडू वापरू नये. वर्गातल्या एखाद्या मुलासाठी ते कोरं वाक्य असतं.

एक खूण मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. जन्मजात गल्लत दोन्ही डोळ्यांत सारखी असते आणि बदलत नाही. मोठेपणी, एकाच डोळ्यात किंवा थोड्या दिवसांत रंग फिके पडायला लागले तर ते वेगळं आहे, डोळ्याच्या नसेचं किंवा पडद्याचं दुखणं असू शकतं. क्षयरोगाच्या उपचारात एथॅम्ब्युटॉल गोळी चालू असताना लाल-हिरवं फिकट दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गोळी सुरू ठेवायची की बदलायची हे त्यांनाच ठरवू द्या, मनानं कोर्स तोडू नका.

घरात एवढं करा: ‘हा कोणता रंग सांग बरं’ हा खेळ आजपासून बंद. पाहुणे आले की शर्टाचा कोपरा धरून विचारतात, त्यांनाही थांबवा. त्याऐवजी त्याला विचारा, काम करताना नेमकं कुठं अडतं. तो वहीत लिहून काढेल आणि त्यातून निदेशकांशी बोलायला मुद्दे मिळतील. डी-१५ चा कागद आणि वर सांगितलेली मोजणीची पद्धत घेऊन त्यानं स्वतः त्यांच्यापुढं एक बोर्ड जोडून दाखवावा.

आणि नांदेडला जाताना मामांना सोबत न्या. त्यांची कधी तपासणी झालेली दिसत नाही. दोघांकडं घराण्यातला तोच एक्स आहे, तर टिकल्याही बहुतेक एकाच दिशेनं चुकतील. शेजारी बसून दोघांनी त्या लावल्या तर तुमच्या लेकराला पहिल्यांदाच कुणीतरी सापडेल, ज्याला मिरचीचं झाड त्याच्यासारखंच दिसतं.